शिकाऊ शिंपी, वय एकाहत्तर

मी, एबो आन्सा, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सॉल्टपाँड, मेथडिस्ट चर्चच्या मागची गल्ली, व्यवसाय शिकाऊ शिंपी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दबाव आणायला भाचा दोनदा येऊन गेला, पण दोन्ही वेळा मी झोपेचं सोंग घेतलं. डॉक्टरांनी हृदयाबद्दल वाईट सांगितलं असलं तरी डोकं शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. माझी बायको मान्सा हिला तो दाखला मान्य नाही. माझ्या डोक्याविषयीचं तिचं मत बावीस वर्षांपूर्वी, मी हेडमास्तरकी सोडली त्या दिवशीच कायम झालं.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःला 'शिंपी' म्हटलं होतं, आणि ते खोटं होतं.

कलम पहिलं. राहतं घर मान्साला. आमच्याकडे पुरुषाची मालमत्ता त्याच्या बहिणीच्या मुलांकडे जाते, म्हणून तर हा कागद करावा लागला. भाचा कोजो गेल्या महिन्यात माझी विचारपूस करायला आला आणि बोलता बोलता ओसरीची लांबी पावलांनी मोजून गेला. त्याला माझा हेडमास्तरकीचा काळा कोट देत आहे. तो त्याला खांद्यात तंग होईल. मी सैल करून देऊ शकलो असतो, पण केलेला नाही.

बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलगा क्वेकू याला. फार नाही. मी नोकरी पूर्ण केली असती तर जास्त असतं, हे त्याने मला दर नाताळला सांगितलं आहे, तेव्हा इथे पुन्हा लिहीत नाही.

कलम दुसरं. नोकरी का सोडली याची मी गावात निरनिराळी कारणं सांगितली. चर्चमध्ये सांगितलं की देवाने बोलावलं. मान्साला सांगितलं की खडूच्या धुळीने छाती भरते. शाळेच्या साहेबांना लेखी कळवलं की घरगुती अडचण. खरं कारण असं की चोवीस वर्षं तोच धडा शिकवल्यावर एक दिवस मी वाक्याच्या मध्येच अडखळलो, आणि ते वाक्य सगळ्या वर्गाने एका सुरात पूर्ण केलं. शेवटी मी जसा खोकतो तसे खोकलेसुद्धा. मला हसू आलं नाही. माझ्या जागी कोणी नसलं तरी धडा चालू राहील, हे मला त्या दिवशी कळलं.

शिंपीच का व्हायचं ठरवलं, तेही सांगतो. त्याच रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईच्या पाठीवर मला एक पक्षी दिसला. छापील कापड होतं आणि शिवण बरोबर त्या पक्ष्यावरून गेली होती, पण पक्षी अखंड होता. चोच एका तुकड्यावर, शेपूट दुसऱ्यावर, आणि मध्ये पिसाचाही फरक नाही. कापड असं बेतणारा माणूस कोण, म्हणून मी प्रार्थना सोडून त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम एकुआ ओतुवा. तुमचीच विद्यार्थिनी ना?"

एकोणपन्नासाव्या वर्षी मी रिवाजाप्रमाणे दारूच्या दोन बाटल्या आणि सरबतांचं खोकं घेऊन मॅडमच्या दारी उभा राहिलो आणि शिकाऊ म्हणून नाव घातलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरींबरोबर सकाळी दुकान झाडलं. त्या मला 'पापा सर' म्हणायच्या आणि केराची सुपली हातात द्यायच्या. मी आयुष्यात इतका आनंदी कधीच नव्हतो, आणि हे मान्साने वाचलं तरी चालेल.

कलम तिसरं. दुकान, पायाची मशीन, कोळशाची इस्त्री आणि 'हेडमास्तर फॅशन्स' ही पाटी अजोआ बेंत्सिवा हिला. अजोआ त्रेचाळीस वर्षांची आहे. बँकेत अठरा वर्षं काचेमागे बसली, मग राजीनामा देऊन माझ्याकडे शिकायला आली. सासरच्यांनी तिला वेडी ठरवलं आहे. परतीचा दरवाजा बंद आहे. चार वर्षांत ती माझ्याहून चांगली शिवायला लागली आणि आता तिला सुटकेचा, म्हणजे शिकणं पूर्ण झाल्याचा कागद हवा आहे, कारण त्याशिवाय शिंप्यांची संघटना कोणाला दुकान चालवू देत नाही.

तो कागद मी देऊ शकत नाही. संघटनेचा नवा चिटणीस सगळं तपासतो, आणि उस्तादाच्या स्वतःच्या सुटकेच्या कागदाचा क्रमांक मागतो. माझ्याकडे तो नाही. तीन वर्षं शिकून झाल्यावर मॅडमनी माझ्या सुटकेचा दिवस ठरवला होता. आमच्याकडची रीत अशी की शिकाऊने भर बाजारात गुडघे टेकायचे, उस्तादाकडे सुटका मागायची, आणि त्यांनी डोक्यावर पावडर ओतायची. त्या दिवशी मी मलेरिया झाल्याचं कळवलं. मलेरिया झाला नव्हता. माजी हेडमास्तर आपल्याच विद्यार्थिनीपुढे पांढरा होऊन बसलेला मला बघवला नसता, एवढंच. पुढच्या महिन्यात मी गावाच्या दुसऱ्या टोकाला पाटी लावली. गावाने सभ्यपणे विषय काढला नाही, मॅडमनीही नाही. अजोआने मात्र विचारलं, "सर, तुमच्या गुडघ्यांसाठी मी पुन्हा काचेमागे जाऊ का?"

कलम चौथं. धंदा बदलून फायदा झाला का, हे मला पुष्कळ जण विचारतात, विशेषतः नोकरीला कंटाळलेले. माझं उत्तर असं: मी धंदा बदलला तो पोट भरलेलं असताना, विचार करून, आणि मला लाभला. पण एकीचा धंदा मी बदलला, एका वाक्यात, तिला न विचारता. एकेचाळीस वर्षांपूर्वी मी साधा वर्गशिक्षक होतो. एकुआ ओतुवा नावाची चौदा वर्षांची मुलगी फळ्यावर गणित करताना चुकली. मी म्हणालो, "एकुआ, आकड्यांचा नाद सोड. तुझे हात सुईसाठी आहेत. उद्यापासून शिंप्याकडे जा." वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, आणि मी चौकशी केली नाही.

पुढे ती नावाजली तेव्हा मी शिक्षकांच्या मेळाव्यात ही गोष्ट माझं मोठेपण म्हणून सांगायचो. माझ्यामुळे तिला वाट सापडली, असं म्हणायचो. टाळ्या पडायच्या. त्याची मला लाज वाटते. तिला नर्स व्हायचं होतं, हे मला तिच्याकडे दुकान झाडताना, पोरींच्या बोलण्यातून कळलं.

कलम पाचवं हे खोडलेलं आहे, तरी ते वाचता यावं म्हणून एकच रेघ मारली आहे. त्यात लिहिलं होतं की माझ्या मृत्यूनंतर मॅडम एकुआ यांनी माझ्या डोक्यावर पावडर ओतावी, मला सुटलेला मानावं आणि मागल्या तारखेचा कागद द्यावा, म्हणजे अजोआचं काम होईल. काल साक्षीच्या सहीसाठी मॅडमना घरी बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ते कलम दोनदा वाचलं.

"सर, मेल्यावर गुडघे कोणीही टेकतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग आत्ता, इथेच ओसरीवर. मान्सा पावडरीचा डबा आणायला उठलीसुद्धा.

"बसा, मामी," मॅडम मान्साला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "इथे तीन माणसं आहेत. त्या दिवशी वर्गात एकसष्ट होती. मी मोजली होती, फळ्याजवळ उभी राहून. तुम्हाला वाटलं मला मोजता येत नाही."

मी पेन उचलून पाचव्या कलमावर रेघ मारली.

"शनिवारी बाजारात एकसष्ट माणसं जमवा. त्यांच्यासमोर आधी वर्गात मला म्हटलेलं ते वाक्य म्हणा, जसंच्या तसं. मग सुटका मागा."

"आणि मागितल्यावर द्याल?"

"तुमची काजं बघीन. पूर्वी कच्ची होती."

साक्षीची सही त्यांनी केली नाही. शिकाऊ माणसाच्या कागदावर मॅडमने एकदाच सही करायची असते, म्हणाल्या. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणून मी त्यांना काही ठेवलं नव्हतं. आता अडचण नाही, तेव्हा माझी मोठी कात्री त्यांना. ती मूळची त्यांचीच आहे. मी मलेरियाच्या आठवड्यात नेली होती.

कलम सहावं. शनिवारी मी गुडघे टेकले आणि कागद मिळाला, तर अजोआच्या कागदावर मी त्याच दिवशी सही करीन आणि कलम तिसरं जसंच्या तसं लागू होईल. त्याआधी हृदयाने दगा दिला तर दुकान अजोआला मिळेल, पण उघडता येणार नाही, आणि तो दोष माझा एकट्याचा समजावा. डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केली आहे. तरी काल दुपारपासून मी दारोदार फिरतो आहे. चर्चच्या गायकांनी होकार दिला, ट्रकवाल्यांनी दिला, माझ्या जुन्या वर्गातले सातजण येणार आहेत. कोजोने कोट आधी मिळेल का ते विचारून घेतलं, आणि येतो म्हणाला. आत्तापर्यंत अठ्ठावन्न झाले. येऊन काय बघायचं, असं सगळेच विचारतात. मी खरं ते सांगतो. वाक्यही म्हणून दाखवतो, म्हणजे शनिवारी जीभ अडखळणार नाही. पहिल्या घरी अडखळली होती.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून तो मला मान्य आहे, जिथे मान्य करणं जड गेलं तिथेही.

ठिकाण सॉल्टपाँड, गुरुवार, १४ मार्च २०१९.

सही: एबो आन्सा

साक्षीदार:
इसाक बेंतिल, निवृत्त टपालमास्तर
ग्रेस क्रेंत्सिल, धुरी दिलेल्या माशांची विक्रेती

दोघांनीही सही करताना शनिवारी यायचं कबूल केलं आहे. साठ झाले. एक कमी आहे. शाई वाळली की मी बाहेर पडतो.