किक मारू की पळू?

२ मार्च, रविवार

हरलो! नऊ–चौदा, लाल जर्सीवाल्यांकडून. साखळी सामना होता म्हणून बरं, अंतिम फेरी तरीही गाठली. धाकटी माझ्याशी बोलत नाहीये.

तिचं चुकतंय असंही नाही. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. एकतर घेऊन पळायचं, नाहीतर किक मारून पुढे धाडायचा. दहा नंबरची जर्सी माझी, म्हणजे ठरवायचंही मीच. आज मी एकोणीस किका मारल्या! संघातले सगळ्यात वेगवान पाय धाकटीचे, आणि ती कडेला उभीच. ऐंशी मिनिटांत हातात चेंडू आला दोनदा.

"ताई, मी तिथे कपडे वाळत घालायला उभी असते का गं?" गाडीत एवढंच बोलली.

बाबांनी वर फोडणी घातली — "हातातला चेंडू त्यांच्या पदरात टाकतेस. साधे आभारही मानत नाहीत त्या!"

४ मार्च, मंगळवार

अबोला चालू. आज मीठसुद्धा आईमार्फत मागितलं.

६ मार्च, गुरुवार

सरावाला गेल्या गेल्या कोचबाईंना गाठलं. "रविवारी अंतिम सामना, परत त्याच लाल जर्सीवाल्या. या वेळी नुसतं पळूया?"

"गेल्या वर्षी तेच केलंस ना? त्यांनी भिंत उभी केली, आपण डोकी आपटली." आणि वर — "किक मारलीस की तू चेंडूकडे बघत राहतेस. त्यांच्या पोरी कुठे जातात ते बघ की एकदा!"

नंतर कामावर, चष्म्याच्या दुकानात काच घासताना तेच डोक्यात. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या कागदी पाकिटावर दोन्ही संघांच्या पोरींचे ठिपके काढत बसले. मालक वाकून म्हणाले, "हा कुठला नंबर?"

पण दिसलं! आपण लांब किका मारत राहिलो, तर त्यांच्या कडेच्या पोरी चेंडू झेलायला मागे सरकणार. मागे सरकल्या की पुढची भिंत विरळ. मग पळायचं!

घरी येऊन धाकटीच्या दारातच सांगितलं. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे तू किक मारशील ती माझ्यासाठी?"

"हो."

"मग मार. खुशाल मार!"

बोलली!!

९ मार्च, रविवार

जिंकलो! जिंकलो!

सगळं लिहिते. पहिला अर्धा भाग किकाच किका. बाबा कडेवरून डोक्याला हात लावून. धाकटी मात्र प्रत्येक चेंडूमागे जीव खाऊन धावत होती, नुसती त्यांना मागे रेटायला. नऊ–बारा, आपण मागे. शेवटची तीन मिनिटं.

चेंडू माझ्या हातात आला. पाय उचलला, आणि बघितलं. या वेळी चेंडूकडे नाही, पोरींकडे! त्यांची कडेची पोर उलटी वळून मागे पळत सुटली होती. समोर ही एवढी मोकळी जागा! पाय तसाच खाली टेकवला आणि पळाले. दोघी अंगावर आल्या, आडवी पडता पडता चेंडू डावीकडे मागे फेकला. धाकटी तिथे होतीच. चाळीस मीटर! कुणाचं बोटसुद्धा लागलं नाही तिला. रेषेपलीकडे चेंडू टेकवला — पाच गुण. वरचे दोन मी खांबांच्या मधून मारले. सोळा–बारा!

तिने मला चिखलात लोळवलं. बाबांचा आवाज बसलाय. आई त्यांना म्हणाली, "बरं झालं, दोन दिवस शांतता."

१० मार्च, सोमवार

लाल जर्सीवाल्यांच्या कोचचा फोन आला होता. पुढच्या मोसमात धाकटी त्यांच्याकडून खेळणार — मीच म्हटलं, जा, तिथे तुझ्या हातात चेंडू जास्त येईल. आता मी किक मारली की ती झेलायला मागे तीच उभी असेल.