मामंजींची तसबीर आणि अंबिकाची फी

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।

लातूर, ५ जून २०२५

चि. सौ. नीलम्मा हीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल मिळालं. रंगाच्या नळ्या, तीन ब्रश आणि एक ताणलेला कॅनव्हास. किमतीचं लेबल काढायला विसरलीस, म्हणून कळलं, अठराशे चाळीस. एवढ्यात माझं दोन महिन्यांचं गोडेतेल येतं. पण भाचीसाठी मावशीचा हात सैल, त्याला मी काय बोलणार!

फोनवर बोलता येत नाही, हे तो स्पीकरवर टाकतात. म्हणून लिहिते. अंबिकानं नांदेडच्या चित्रकला कॉलेजचा हट्ट धरलाय. मी म्हटलं, बाई, तुला चित्र येतंच आहे की. येतं तेच शिकायला पैसे भरायचे? रांगोळी काढायला मी कुठं कॉलेजात गेले होते? पोरगी माझ्याकडे अशी बघून राहिली, जशी मी आमटीत साखर टाकली.

शेवटी ह्यांनी न्याय केला. वीस तारखेला मामंजींचं पहिलं पुण्यस्मरण आहे. त्यासाठी अंबिका त्यांची तसबीर करून राहिली. मामंजींना शेवटी शेवटी मोबाईलचा लई नाद. पूजेत इष्टलिंग तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं स्वतःचाच फोटो काढलेला, त्यावरून. तसबीर चांगली जमली तर कॉलेजची गरज नाही. नाही जमली तर कॉलेजात जाऊन उपयोग नाही. आडतीवर तीस वर्षं बसलेला माणूस. दोन्हीकडून फी वाचवली.

तुझ्या घरी सर्वांना नमस्कार. लोभ असू दे, खर्च आटोक्यात असू दे.

तुझी अक्का,
शिवगंगा

नांदेड, ११ जून

ती. सौ. अक्कास नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. भाऊजींचा न्याय वाचून आमचे हे चहा पिता पिता ठसकले. ह्याच हिशोबानं धडधाकट माणसाला डॉक्टर नको, आणि आजाऱ्याला डॉक्टरचा उपयोग नाही. भाऊजींना म्हणावं, दवाखाने बंद करा, देशाचा लई पैसा वाचेल.

आता गंमत बाजूला. मागल्या महिन्यात अंबिका आली होती, तेव्हा मला विचारत होती की मावशी, माझं खरंच चांगलं आहे का, का आपली पोरगी म्हणून सगळे चांगलं म्हणतात? अक्का, मी चहा ठेवायला उठून गेले. मी पण छानच म्हटलं होतं ना. प्रवेशाची शेवटची तारीख तीस आहे. ती राहायला आमच्याकडे, जेवायला आमच्याकडे, तेव्हा तो खर्च तुझ्या डोक्यातून काढ.

मोठ्यांना नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
नीलम्मा

लातूर, २१ जून

चि. सौ. नीलम्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

पुण्यस्मरण पार पडलं. आमचं पण.

तसबीर मांडली तसे पाहुणे हरखून गेले. हुबेहूब, आता बोलतील, असं सगळं झालं. हे तर फी वाचल्याच्या आनंदात लोकांना दुसरा लाडू वाढत होते. तेवढ्यात मठाचे स्वामी आले. नमस्काराला वाकले आणि तसेच थांबले. मग हळूच विचारलं की आप्पा उजव्या हातावर लिंग घेऊन पूजा कधीपासून करायला लागले?

नीलम्मा, मंडपातल्या सगळ्या माना तसबिरीकडं वळल्या. इष्टलिंग डाव्या तळहातावर, हे आपल्या लिंगायतांत पाळण्यातल्या लेकराला कळतं. मोबाईलनं फोटो आरशासारखा उलटा काढला आणि पोरीनं तो तसाच उतरवला. मी रोज पहाटे डाव्या हातावर लिंग घेते. चार दिवस त्या तसबिरीला फुलं वाहिली. मला दिसलं नाही!

मग काय, हुबेहूब म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच दिसलेलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, त्या भिडेपोटी गप्प बसल्या. वीस वर्षांत जाऊबाई भिडेपोटी गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. ह्यांनी तिथंच निकाल दिला: जमली नाही, विषय संपला.

अंबिका रडली नाही. रात्रीच तिनं तसबीर उतरवून तो हात खरवडून काढला. सकाळपासून मला लिंग घेऊन समोर बसवलंय.

लोभ ठेव, सध्या इथं त्याची टंचाई आहे.

तुझी अक्का

नांदेड, २५ जून

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

स्वामींचं मत कळलं, भाऊजींचं कळलं, जाऊबाईंचं तर न विचारता कळलं. फीचा हिशोब सोडला तर दोन्ही पत्रांत तुझं मत कुठं दिसलं नाही. तुला काय वाटतं? पाच दिवस उरलेत.

तुझी,
नीलम्मा

लातूर, २९ जून

चि. सौ. नीलम्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

माझं मत विचारलंस. सवय नसल्यानं सापडायला वेळ लागला.

रोज पूजेनंतर मी हात पुढं करून बसत होते, ती काढत होती. दाखवलं की मी म्हणायची, छान. ती फाडून टाकायची. शेवटी भडकली, म्हणाली, आई, छान म्हणू नको, कुठं चुकलं ते सांग! मी निरखून बघितलं. अंगठा काकडीसारखा दिसत होता. चुकलंय हे मलाही कळत होतं, तिलाही. काहून चुकलंय, ते दोघींनाही सांगता येईना. ह्यांना दाखवलं, ते म्हणाले छान. शेजारची म्हणाली, अय्या छान! या घरात कौतुकाला तोटा नाही गं, पण त्यानं अंगठा सरळ होत नाही.

कॉलेजनं चित्रकार होतो का, मला ठाऊक नाही. पण तिथं फी घेऊन नावं ठेवणारी माणसं असतील, तर ती पाहिजेत. जाऊबाई फुकट ठेवतात, पण अंगठा कुठं चुकला ते त्या सांगत नाहीत.

मी ह्यांना म्हटलं, तोंड जमलं, हात जमला नाही. म्हणजे तसबीर अर्धी जमली. तुमच्या न्यायात अर्ध्याचं कलम कुठंय? हे दोन दिवस शोधत होते. काल स्वतः बँकेत जाऊन फी भरून आले आणि येताना अशा चेहऱ्यानं आले, जसं तुरीचे भाव पडलेत.

हात कसाबसा झाला, तसबीर परत भिंतीवर लागली. अंगठा अजून थोडा काकडीच आहे. पण एक सांगते, पोटात ठेव. तो हात माझा आहे. बांगड्या तेवढ्या काढल्यात, तव्याचा चटका तसाच आहे. मामंजींनी हयातीत माझ्या हातच्या आमटीला कधी बरं म्हटलं नाही. काल जाऊबाई त्या हातापुढं डोकं टेकवून गेल्या. मी डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं, हसू आवरायला.

अंबिकाला घेऊन पुढल्या रविवारी येते, डाळ-तांदूळ सोबत आणते. लोभ आहेच, आता तो पोरीवर जरा बेतानं कर. ती तुला चित्रं दाखवील. छान म्हणणार नाहीस, एवढं उलट टपाली लिहून कळव.

तुझी अक्का,
शिवगंगा