सरोजच्या साक्षीतला मधला परिच्छेद

रवि., ५ ऑक्टो.
उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये लेखनवर्ग. सातजण. सातही गोष्टींचा शेवट तोच : प्रभूने हात दिला, हालेलूया, खाली बायबलमधलं वचन. गोष्ट लिहायला बसतात आणि प्रभूने काय केलं त्याची साक्ष देऊन उठतात. 'अद्भुत' हा शब्द दिसेल तिथे सगळ्यांसमोर खोडला. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे. अंबरनाथच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, रडण्याला कधी मार्क दिले नाहीत.

सर्वांत वाईट सरोज. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात दोरे कापते. नवरा सायमन दारू प्यायचा, हिने प्रार्थना केली, सुटली. चर्चच्या अख्ख्या मंडळीला ही साक्ष पाठ. म्हटलं, "पहिल्या परिच्छेदात बेवडा, तिसऱ्यात संत. मधला कुठे गेला? लिहून आण, नाहीतर येऊ नकोस."
सगळे हसले. मीही.

रवि., २ नोव्हें.
सरोजने आणला. वर्गात वाचला नाही, माझ्या हातात कोंबला. "बाई, फक्त तुमच्यासाठी."

घरी येऊन वाचला. दारू सुटली ती सायमनला लकवा मारला म्हणून. रोज संध्याकाळी ही दारूचा ग्लास भरते, त्याचा हात पोचणार नाही अशा बेताने समोर ठेवते आणि शेजारी बसून स्तोत्र वाचते. तो रडतो. शेजारणी म्हणतात, पश्चात्ताप. ज्या हाताने तिला मारायचा त्याबद्दल एकच वाक्य : 'आता तो चादरीवर असतो, मीच उचलून पुसते.'

एक विशेषण नाही. जळफळाट झाला. मंडळीच्या मासिकात इतकी वर्षं लिहितेय, असं एक पान माझ्या हातून उतरलं नाही.

गुरु., ६ नोव्हें.
मासिकाचा नाताळ विशेषांक माझ्याकडे. चर्चच्या पाळकांना ते पान दाखवलं. तिला न विचारता, हो. पांढरे पडले. "बाई, ह्या साक्षीवर तीन घरं मंडळीत आली."
म्हटलं, मग तिन्ही घरांना वाचू द्या.
म्हणाले, सरोजची सही आणा. सोमवारी अंक प्रेसला.

तिला फोन केला. म्हणाली, "तुम्ही बोललात खरं लिही. छापायचं कुठे बोललात? मंडळीत तोंड कसं दाखवू? मी बर्बाद होईन, बाई."
वाईट वाटलं. पण पान परत देववेना.

शनि., ८ नोव्हें.
दुपारी तिच्या घरी. सायमन खुर्चीत, भांग पाडलेला. लकव्यापासून त्याला बोलता येत नाही, असं ती सगळ्यांना सांगते.
सहीचा विषय काढला तर म्हणाली, "ह्यांना विचारा. हे हो बोलले तर छापा."
आणि पान घेऊन त्याच्यासमोर बसली. वाचलं. एकेक वाक्य, त्याच्या तोंडाकडे बघत. मला थांबवता आलं असतं. मी म्हटलं, "जरा सावकाश, सरोज."

संपल्यावर त्याचं तोंड हललं. थुंकी, घरघर. तिसऱ्या खेपेला कळलं.
"अर्धंच."
सरोज झटकन उठली. "चहा मागतायत."
मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. तिने दंड धरून मला दाराबाहेर काढलं.

प्रेसला सांगितलंय, दोन पानं राखून ठेवा. सोमवारी नऊनंतर ती कारखान्यात असते. तेव्हा जाईन, सायमनचं उरलेलं अर्धं ऐकायला.