पाट मांडला होता का?

आई,

काल नातीनं विचारलं, "आजी, मनात नको ते विचार आले की पाप लागतं का गं?" आणि माझ्या तोंडून तुझंच उत्तर निघालं, अगदी तुझ्याच ठसक्यात. काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सहीच्या जागी अंगठा उठवणारी माझी आई, आणि पाळकसाहेबांशी वाद घालून जिंकून आली होती.

चौतीस-पस्तीस साल असेल. शरणपूरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात तू भाकऱ्या थापायचीस, मी तिथंच शिकत होते. सतरा वर्षांची घोडी! चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या मास्तरांची बोटं दिसली की माझ्या मनात काय काय यायचं, ते आजही लिहवत नाही. डोळे गच्च मिटायचे, गीत मोठ्यानं म्हणायचे, तरी यायचंच. बिशप येणार होते, डोक्यावर हात ठेवून मला मंडळीत पक्की करणार होते, माझं दृढीकरण; मग पहिलं प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस. त्यासाठी तू पांढरं पातळ घेऊन ठेवलं होतंस. पाळकसाहेबांनी एकेकीला बोलावून मन स्वच्छ आहे का विचारलं, आणि मी रडत सांगून बसले की वाईट विचार येतात. साहेब म्हणाले, आले म्हणजे पाप घडलंच. माझं नाव यादीतून गेलं.

मी रडत येऊन तुला सांगितलं, तेव्हा तू भाकरी थापताथापताच विचारलंस, "कोण येतं मनात ते नको सांगू. दारात कुणीबी येतं, त्याला काय करनार? पन तू पाट मांडून बसवलंस का त्याला? पानी इचारलंस?"

"नाही," मी म्हणाले.

"मग कसलं आलंय पाप!" तशीच पिठाच्या हातांनी तू साहेबांच्या व्हरांड्यात. मी खांबाआड उभी. "साहेब, न बोलावता आला त्याचा दोष घरातल्या बाईला कसा? तिनं बसवून घेतला आसता तर बोला. आन् सैतान तर भुलवायला प्रभूपुढंबी आला होता. तवा प्रभूला पाप लागलं का?"

साहेबांनी यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "बाई, मी अर्धंच सांगितलं तिला." नाव परत चढलं. पुढच्या रविवारी उपदेशात त्यांनी तुझंच उदाहरण दिलं. तू लाजून खाली बघत होतीस, माझी मान मात्र ताठ!

नातीला हे सगळं सांगितलं, एक सोडून. माझं ते 'नाही' खोटं होतं. एका दुपारी मी आपणहून त्या विचाराला पाट मांडला होता, आई. पाणीही विचारलं होतं, आणि त्यानं उठूच नये असं वाटत होतं. देवाला मी ते त्याच दिवशी सांगून टाकलं. तुला नाही सांगवलं. तू माझ्यासाठी एवढी भांडून आली होतीस ना.