स्टोअरला खिडकी कशाला

४ नोव्हेंबर
ऑफिसात सरांनी आज चौथ्यांदा माझा नकाशा परत केला. सिक्कीममधल्या छावणीचं करमणूक केंद्र. जागेचं नाव कुठे लिहायचं नाही असा दम आहे, म्हणून मी नुसतं 'वर' म्हणतो. वर पाच महिने बर्फ, तीसेक कुटुंबं, बाकी जवान एकटे. आणि सरांना हवंय स्क्वॉश कोर्ट. ते कधी वर गेलेले नाहीत. मीही नाही, पण मी निदान विचारतो.

विचारतो म्हणजे झुमुरला. तिचे बाबा वर सुभेदार. ती जूनपासून तिथल्या पोरांच्या शाळेत शिकवते. त्याआधी बराकपूरला आमच्या मागच्या गल्लीत राहायची. हे सगळं मला माहीत आहे, तरी लिहितोय. तिचं नाव लिहायला काहीतरी कारण हवं.

७ नोव्हेंबर
झु.ची यादी आली. घरोघर फिरून विचारलंय तिनं. स्क्वॉश कोणालाच नको. बायकांना काचेची ओसरी, उन्हात बसायला. पोरांना घसरगुंडी, पण छपराखाली. आणि जवानांचं एकच मागणं, फोनवर बोलायला खोली. वर सिग्नल येतो तो फक्त मेसच्या मागे. तिथे रांग. मागचा माणूस सगळं ऐकतो. एक जण तिला म्हणाला, "दीदी, तीन महीने से बीवी से झगड़ा नहीं किया. सब सुनते हैं."

नवी इमारत नेमकी तिथेच होणार आहे. सहा बाय आठची खोली टाकली. दार, बाक, खिडकी. झु.ला कळवून टाकलं, खोली झाली.

११ नोव्हेंबर
सरांनी खोली खोडली. जिम मोठी करायचीय. "ये क्या है, टेलिफोन बूथ? किस ज़माने में हो?" मी म्हणालो, बर्फात कोंडलेला माणूस आरशात दंड बघून किती दिवस काढेल. आणि हातातली पट्टी मी टेबलावर आपटली. दोन तुकडे. सर शांतच. "कॉलेज भी ऐसे ही छोड़ा था?"

घरी बाबांनी तेच मराठीत ऐकवलं. कस्टम्सच्या ऑफिसातून, खिदिरपूरहून, दमून आले होते. "अरे, आर्किटेक्चर तिसऱ्या वर्षी सोडलंस, आता नोकरी सोड. माझ्यापेक्षा तुझ्याच बदल्या जास्त." आई हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

झु.ला अजून सांगितलेलं नाही. आधी सरांना वळवतो, मग

१५ नोव्हेंबर
तिला कळलं. सरांनी खोली नसलेला नकाशा परस्पर वर पाठवला, तो तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर लागला. आणि हिनं सगळ्या जवानांना आधीच सांगून ठेवलेलं. ते आता हिला विचारतात.

सकाळी तिचा मेसेज. शोबाइके बोले फेलेछि, तुमि जानालेओ ना. सगळ्यांना सांगून बसले, तू कळवलंही नाहीस. कबूल. पण शेवटची ओळ: आमार ओभिमान होयेछे.

मला अभिमान झालाय. कसला? शाळेचा? छावणीचा? मी इथे तिच्या यादीपायी बोलणी खातोय आणि बाईसाहेबांना अभिमान. चहा व्हायच्या आत हिंदीत लिहून पाठवलं, "अपना अभिमान अपने पास रखो."

१९ नोव्हेंबर
चार दिवस काही नाही. बरंच झालं.

२० नोव्हेंबर
काही बरं झालेलं नाही.

२२ नोव्हेंबर
डबा खाताना नितायदांना सांगितलं. आमचे म्हातारे ड्राफ्ट्समन. सरांच्याही आधीपासून या धंद्यात. मुरमुऱ्यांची वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "गाधा कोथाकार." गाढव कुठला. मग समजावून दिलं. बंगालीत ओभिमान म्हणजे गर्व नाही. आपल्या माणसानं दुखवलं की जे होतं ते. त्याने न सांगता ओळखावं असं वाटतं, ते. "परक्यावर राग येतो. ओभिमान फक्त आपल्यावर. माझ्या बायकोला दर रविवारी होतो, मासा चुकला की."

चार वर्षं इथे राहतोय. अनोळखी शब्द आला की विचारतो. हा कधी विचारला नाही, कारण ओ-चा अ केला की आपलाच. रुसवा म्हणावं तर तो लहान मुलीचा वाटतो.

म्हणजे तिनं मला काय सांगितलं होतं. आणि मी काय

लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी फक्त 'चुकलो'. एकच टिक. वर टॉवर बंद आहे म्हणे.

२६ नोव्हेंबर
सुधारलेला नकाशा आज जायचा होता. जिम आणि संडासांच्या मधे जागा उरत होती. तिथे खोली टाकली, तीच, सहा बाय आठ. नाव दिलं 'स्टोअर-२'. आत बाक, खिडकी, दाराला आतून कडी. नितायदांनी पाहिलं. बाहेर उघडणारं दार तेवढं खोडून आत उघडणारं केलं. बाहेर बर्फ साचतं.

सरांनी न बघता सही केली. झु.ला कळवलं, स्टोअर-२ बघ. याही मेसेजला एकच टिक.

८ डिसेंबर
नकाशा वरून परत आला. सगळीकडे बरोबरच्या खुणा, फक्त स्टोअर-२ भोवती लाल गोल. शेजारी वरच्या साहेबाच्या अक्षरात, इंग्रजीत, स्टोअरला खिडकी कशाला? बाक कशाला? कडी आतून का?

सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "सोमवार तक जवाब लिखो. अच्छा लगा तो रखेंगे. नहीं तो कमरा भी जाएगा, तुम भी."

'हवा खेळती राहावी म्हणून' असं लिहिलं. खोडलं.

दुपारी फोन वाजला. टॉवर सुरू झालेला दिसतोय. झु.चा मेसेज, तेवीस दिवसांनी. 'चुकलो'बद्दल अक्षर नाही. एवढंच: स्टोर-दुइते जानला केनो?

तिलाही तेच विचारायचंय, स्टोअरला खिडकी कशाला. चिडवतेय की अजून ओभिमानच चाललाय, कळायला मार्ग नाही. तिनं न सांगता मी ओळखायचं असतं म्हणे.

प्रश्न एकच. साहेबाला इंग्रजीत द्यायचंय उत्तर, तिला बंगालीत. मला मराठीत येतंय, पण ते दोघांनाही कळायचं नाही.