दोन्ही स्टेशनं आपल्याच राज्यातली

मास्तर, तुम्हाला जाऊन आता सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. लिहिलेलं पोचणार कुठे, हा प्रश्न होताच, पण खरं कारण ते नव्हतं. शाळेत तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत. पुढे सरकारी कचेरीत भाषांतराचं काम तुमच्याकडे आलं, तेव्हा मला बोलावून घेतलंत आणि शेजारच्या टेबलाशी बसवलंत. मला जे काही लिहिता येतं ते तुमचं आहे. म्हणूनच बंदुकीच्या त्या नियमाबद्दल लिहायला बसलो की हात अडतो.

तो कागद तुम्हाला आठवत असेल. आगगाडीने बंदूक नेताना काय करावं, याचं इंग्रजी टिपण आलं होतं आणि त्याचं मराठी करून छापायचं होतं. आपल्याकडे जुन्या पागेतल्या, फौजेतल्या माणसांच्या घरोघरी एखादी बंदूक असायचीच, आणि गाडी झाल्यापासून ही माणसं गाडीने जाऊ लागली होती. अडचण आपल्या बडोदे राज्याच्या आकाराची होती. बडोद्याहून निघालं की करजणपर्यंत आपला मुलूख, पुढे भरूच आणि सुरत इंग्रजांची, आणि नवसारी पुन्हा आपली. इंग्रजी हद्दीतून बंदूक न्यायची तर आपल्या राज्याचा परवाना पुरत नसे, वेगळा पास लागे. मूळ टिपणात ते स्पष्ट होतं. मी मात्र लिहिलं: राज्याचा परवाना असलेल्या इसमास राज्यातील एका स्टेशनापासून राज्यातील दुसऱ्या स्टेशनापर्यंत आपली बंदूक, ती रिकामी व गवसणीत बांधलेली असल्यास, आगगाडीने नेता येईल. 'वाटेत राज्याची हद्द कोठेही न सोडता' हे शब्द मी गाळले. मला वाटलं, ते त्यातच आलं. शिवाय त्यांच्यामुळे वाक्य लंगडत होतं, आणि त्या वयात मला लंगडं वाक्य सहन होत नसे.

ती दुपार मला अजून दिसते. तुमच्या अंगात ताप आहे, गळ्याला मफलर आहे, तरी तुम्ही मसुदा मूळ कागदाशी ताडून पाहता आणि माझ्या टेबलावर ठेवून घरी जायला निघता. "खुणा केल्यात, बघून घे," एवढंच म्हणता. त्या वाक्यासमोर समासात तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं असतं: मधल्या हद्दीचे काय? मी ते वाचतो. मला राग येतो, कारण आदल्याच आठवड्यात तुम्ही माझं एक वाक्य असंच फोडून तीन वाक्यं केली होती आणि सगळ्या कारकुनांसमोर म्हणाला होतात, "तुला वाचणाऱ्यापेक्षा वाक्याचीच काळजी जास्त." दारात छापखान्याचा माणूस येऊन बसलेला असतो. "साहेब, मशीन खाली ऊभुं छे," मशीन रिकामं उभं आहे, असं तो तिसऱ्यांदा सांगतो. मी रबर घेतो आणि तुमची ओळ पुसून टाकतो. कागद त्याच्या हातात देतो.

दोनेक महिन्यांनी तो म्हातारा आला. पागेत तीस वर्षं काढलेला स्वार, पांढऱ्या मिशा, स्वच्छ धुतलेला अंगरखा. कचेरीत कोणी त्याला बसायला सांगितलं नाही, तुम्ही सांगितलंत. त्याने खिशातून आपलं छापील पत्रक काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"मी भांडायला नाही आलो, साहेब," तो म्हणाला. "म्हातारपणी सुनेकडून वाचायला शिकलो. हा कागद चार वेळा वाचला. मी कुठं चुकीचं वाचलं, तेवढं दाखवा."

मग त्याने सांगितलं. मुलगी नवसारीजवळ दिलेली, तिथे उसात रानडुकरं येत, म्हणून जावयाने बंदूक घेऊन बोलावलं होतं. बंदूक त्याच्या वडिलांची. त्याने ती रिकामी केली, गवसणीत बांधली, दारूगोळा घरीच ठेवला. बडोदे आपलं, नवसारी आपली, परवाना कनवटीला. भरूचला पोलीस डब्यात शिरले आणि त्यांनी पास मागितला. त्याने परवाना दाखवला, मग हे पत्रक दाखवलं. त्यांनी त्याला खाली उतरवलं.

"बारा दिवस ठेवलं. वय बघून साहेबानं सोडलं. बंदूक नाही दिली," तो म्हणाला. "त्याच डब्यात व्याह्यांचे भाऊ होते. त्यांनी हातकड्या घालताना बघितलं."

तुम्ही पत्रक हातात घेऊन मोठ्याने वाचू लागलात आणि त्या वाक्यावर थांबलात. चष्मा काढलात. "तुम्ही बरोबर वाचलंत," तुम्ही त्याला म्हणालात. "आम्ही चुकीचं लिहिलं." मग माझ्याकडे वळून विचारलंत, "हे मी तपासलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "तुम्हीच तपासलं होतं."

तुम्ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मी आणखी काही सांगेन असं तुम्हाला वाटलं का, की तुम्ही नुसते आठवून बघत होतात, ते मला आजही कळलेलं नाही. मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. तुम्ही उठलात आणि त्या म्हाताऱ्याला हात जोडलेत. तो गडबडून गेला. "अहो, असं नका करू," म्हणत तोच तुमचे हात धरू लागला.

वरिष्ठांना तुम्ही लिहून कळवलंत की चूक तपासणाऱ्याची, म्हणजे तुमची. दुरुस्त पत्रक निघालं. बंदूक काही परत आली नाही. मग तुम्ही एक दिवस रजा काढून एकटेच नवसारीला गेलात, त्या मुलीच्या सासरी बसलात आणि तिच्या सासऱ्याला सांगितलंत की तुमच्या व्याह्यांचा काडीचा दोष नाही, दोष माझा. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. पण म्हाताऱ्याने त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. मुलगीच वर्षातून एकदा बडोद्याला येऊन त्याला भेटून जाई. दिवाळीनंतर तुम्ही काम सोडलंत. लोक म्हणाले, मास्तरांना आता दिसत नाही. तुमचं टेबल मला मिळालं.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात मी सकाळी घरी यायचो. तुम्हाला थंडी सोसत नसे म्हणून काकू तुमचा पाट चुलीजवळच मांडत. मी भिंतीला टेकून बसे. काकू भाकऱ्या थापत आहेत, तुम्ही शाल पांघरून हात शेकत आहात, आणि मध्येच विचारता, "तो बंदुकीचा नियम. मी मुळाशी ताडून पाहिलाच असणार. माझी सवयच ती. मग मला दिसलं कसं नाही रे?" काकूंचे हात थांबतात. त्या माझ्याकडे बघतात. सांगायला याहून बरी वेळ मला मिळणार नव्हती. आपल्या तिघांशिवाय तिथे कोणी नव्हतं, आणि तुम्ही मला काही केलं नसतं. फार तर हसला असतात.

मी म्हणालो, "त्या दिवशी ताप होता तुम्हाला. डोळेही थकले होते."

"असेल," तुम्ही म्हणालात. हात पुन्हा चुलीकडे धरलेत आणि म्हणालात, "तू मात्र जप. छापायला देण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देत जा." त्या थंडीतच तुम्ही गेलात. तेव्हापासून मी प्रत्येक मसुदा दुसऱ्याला वाचायला देतो. कचेरीत सगळे म्हणतात, मास्तरांची शिस्त. मी ऐकून घेतो.

आज हे लिहायला बसण्याचं कारण तुमची मुलगी. मागच्या महिन्यात पुण्याहून तिचं पत्र आलं. तुमच्या आठवणी ती एका वहीत उतरवून ठेवते आहे. तिने लिहिलं होतं, बाबा शेवटी शेवटी स्वतःच्या कामाबद्दल फार कडू बोलत, त्यांच्या हातून नेमकं काय चुकलं होतं, तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. मी त्याच दिवशी चार पानं लिहून टाकली. तुमचं अक्षर, खंडेराव मार्केटात एकेक वांगं उलटंपालटं करून घ्यायची तुमची तऱ्हा, वर्गात धडा वाचताना मध्येच डोळे मिटणं, सगळं लिहिलं. चुकीबद्दल लिहिलं की तसं विशेष काही नव्हतं, वयामुळे होतं.

आता हा कागद समोर आहे आणि तिचा पत्ताही समोर आहे. पाकीट घेऊन तो लिहायला पाच मिनिटं लागणार नाहीत. पण मी पाठवणार नाही. माझ्या नोकरीचं आता काही व्हायचं नाही, आणि लोकांच्या बोलण्याची भीती वाटावी असं वयही राहिलं नाही. तिच्या पत्राच्या वरच 'प्रिय दादा' असं होतं. मला सख्खं कोणी नाही, मास्तर, आणि पुढच्या पत्रातही ते तसंच असावं असं मला वाटतं.