डोळ्यांची आखणी आणि नऊची गोळी

३ जून
गोळी बंद. कायमची. चार वर्षं लिथियम घेतलं, बायपोलर गेला, आता उगाच कशाला? शिवाय हात थरथरतो. पेणमध्ये गणपतीचे डोळे आखणाऱ्याचा हात थरथरला तर कारखान्याला कुलूपच. सरोजिनीला सांगितलेलं नाही. बायकोला सगळं सांगून कोणी मोठा झाल्याचं ऐकिवात नाही.

८ जून
केसाइतकी बारीक रेघ ओढून पाहिली. ढळली नाही. रोह्याहून सावनी आली. नर्सिंगचं तिसरं वर्ष, तिला बायपोलरवरच प्रेझेंटेशन द्यायचंय. म्हटलं, घरात अनुभवी बाप बसलाय. दोन तास शिकवलं. मध्येच विचारते, बाबा, गोळी चालू आहे ना? म्हटलं, हो तर.

१४ जून, पहाटे
तीन तास झोप, तरी ताजातवाना. सावनीची वही इथेच राहिलीय, वाचून काढली. लक्षणं: झोप कमी, बडबड फार, मोठमोठे बेत. आमच्या कारखान्यातल्या रघूला तंतोतंत लागू, रंगाचा स्प्रे मारताना तोंड बंद नसतं. पुढे लिहिलंय, 'रुग्णाला आपण आजारी आहोत हे पटत नाही.' हे मला मुळीच पटलं नाही.

१७ जून
वडखळ नाक्यावर फ्लेक्स लावला. माझा फोटो मोठा, गणपती कोपऱ्यात. त्याला जाहिरातीची गरज नाही. सरोजिनी स्वयंपाकघरातून फोनवर कुजबुजत होती. माझे कान तिखट. "सावनी, तुझे बाबा फारच खूश आहेत गो. लवकर ये." बाप खूश असला तर मुलीला कशाला बोलवायचं?

१९ जून
एका बैठकीत एकशेचाळीस मूर्तींचे डोळे आखले. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. मूर्ती अजून रंगवायच्या होत्या, एवढी बारीक गोष्ट राहिली. सगळे डोळे शेवटी आखतात, मी आधी आखले. नवी पद्धत. रघू दारातच थबकला. म्हणाला, "शेठ, देव बघतोय. बघणाऱ्या देवावर स्प्रे मारायचा नाय मी." चप्पल घालून घरी गेला. पहिली गाडी भरायला चार आठवडे आहेत.

२१ जून
सावनी आली. ओरडली नाही, तेच वाईट. पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या बघितल्या आणि मला डॉक्टरांकडे नेलं. मी त्यांना फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्यांनी रक्त तपासलं. लिथियम नावालाही नाही. म्हणाले, थरथरीवर उपाय होता, डोस बदलता आला असता, सांगितलं का नाही? म्हटलं, कोणी विचारलंच नाही. सावनी म्हणाली, मी विचारलं होतं.

६ जुलै
गोळ्या सुरू. नुसती झोप. सरोजिनी ओल्या फडक्याने मूर्तींचे डोळे पुसतेय. प्रत्येक मूर्तीला सांगते, "देवा, राग मानू नको, ह्यांची गोळी चुकली होती." सगळं ऐकू येतं. तिखट कानांचा तोटा. रघू कामावर आला. गाडीपुरतं होईल म्हणतो.

१५ जुलै
गाडी गेली. सावनीला पैकीच्या पैकी मार्क. मला विचारूनच माझी केस घेतली होती. नाव नाही, फक्त 'मूर्तिकार, वय चोपन्न'.
एक मूर्ती मी पुसू दिली नव्हती. सर्वोत्तम कामाचा नमुना. आज चष्मा लावून पाहिली. तिरळी आहे. मग गेल्या वर्षीच्या मूर्तींचे फोटो शोधून पाहिले, थरथरत्या हाताने आखलेल्या. सगळ्या सरळ बघतायत.
नऊला गोळी घेतली. गिळेपर्यंत सरोजिनी समोरून हलली नाही. तिरळा देवही.